दोनशे वॅट आणि नवतपा

नागपूरजवळच्या कोराडीच्या औष्णिक विद्युत केंद्रातला ६६० मेगावॅटचा एक संच पूर्ण भाराने चालतो तेव्हा जेवढी वीज निघते, तेवढी पायांनी काढायची म्हटली तर ३३ लाख माणसं एकाच वेळी सायकलवर बसवावी लागतील. हिशेब साधा आहे. नियमित सराव असलेला हौशी सायकलपटू तासभर दम धरून पायडल मारत राहिला, तर तो सरासरी २०० वॅटच्या आसपास शक्ती देतो. या दराने घरच्या बिलावरचं एक युनिट तयार करायला त्याला पाच तास लागतील, आणि त्या पाच तासांत त्याला जे खावं लागेल त्याच्या खर्चात महावितरणकडून कितीतरी युनिट येतील.

माणूस हे वीज बनवण्याचं यंत्र म्हणून अगदीच महागडं आहे, हे सांगायला ही आकडेमोड नाही. गेल्या काही वर्षांत नागपूर परिसरातल्या हौशी सायकलस्वारांच्या हँडलवर वॅट दिसू लागले आहेत. पूर्वी गप्पा किलोमीटरच्या आणि सरासरी वेगाच्या होत्या, आता ‘तुझा एफटीपी किती’, म्हणजे तासभर किती वॅट टिकवतोस, असं विचारलं जातं. पहाटे मानकापूरकडून कोराडीच्या मंदिरापर्यंत जाणारे, तिथून पुढे पाटणसावंगी-सावनेर गाठणारे, थंडीत २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची फेरी करणारे, असे सगळे त्यात आले. मात्र हा आकडा कोराडीच्या केंद्रात ज्या पद्धतीने वाचतात, तसा सायकलवर फार थोडे लोक वाचतात.

केंद्रातला कोणताही अभियंता संचाविषयी बोलताना दोन आकडे सांगतो. एक मेगावॅटचा, म्हणजे किती निघाले. दुसरा हीट रेटचा, म्हणजे एक युनिट काढायला किती किलोकॅलरी उष्णता जाळावी लागली. काहीच वाया न घालवणारं यंत्र असतं तर ८६० किलोकॅलरी पुरल्या असत्या. कोराडीत आहेत तशा सुपरक्रिटिकल संचांना सव्वादोन हजारांच्या आसपास लागतात, जुन्या २१० मेगावॅटच्या पिढीला अडीच हजारांच्या आसपास किंवा त्याहून जास्त. सायकलवरच्या माणसाचा हीट रेट काढला तर तो साडेतीन हजारांच्या आसपास किंवा त्याच्याही वर जातो, कारण खाल्लेल्या अन्नातली जेमतेम २० ते २५ टक्के ऊर्जा पायडलपर्यंत पोहोचते. बाकी सगळी उष्णता. सायकलवर वॅट मोजणारा पॉवर मीटर फक्त पहिला आकडा सांगतो. दुसऱ्याविषयी तो पूर्ण मुका आहे, आणि विदर्भात सगळा खेळ त्या दुसऱ्या आकड्याचा आहे.

आधी मीटरविषयी. क्रँकला किंवा पायडलच्या दांड्याला आतून धातूची एक अतिशय पातळ जाळी चिकटवलेली असते, तिला स्ट्रेन गेज म्हणतात. पायाच्या दाबाने क्रँक वाकतो. डोळ्याला दिसणार नाही इतका, पण जाळीचा विद्युत रोध बदलेल इतका. त्यावरून टॉर्क कळतो, टॉर्कला फिरण्याच्या वेगाने गुणलं की वॅट मिळतात. १७० मिलिमीटरचा क्रँक मिनिटाला ९० फेरे मारत २०० वॅट देत असेल, तर पूर्ण फेरीभर सरासरी जोर फक्त पावणेतेरा किलोचा असतो. एवढ्याशा जोराने क्रँक किती वाकणार? म्हणूनच हे मोजमाप नाजूक आहे. उलरिश शोबेरर या जर्मन अभियंत्याने १९८६ मध्ये एसआरएम ही कंपनी काढून ते सायकलवर बसवलं. १९९० च्या दशकात व्यावसायिक सायकलपटूंनी ते उचललं, आणि हंटर ॲलन व अँड्र्यू कॉगन यांच्या २००६ च्या पुस्तकानंतर ते हौशी लोकांच्या सरावाचा भाग झालं. आज एका बाजूचा मीटर वीस-पंचवीस हजारांपासून मिळतो. तो डाव्या पायाचे वॅट मोजून सरळ दुप्पट करतो. दोन्ही पाय सारखे नसतील तर आकडा चुकतो, पण रोज सारखाच चुकतो, त्यामुळे सरावाला चालतो.

एक गोष्ट मात्र आपल्याकडे जपावी लागते. धातू तापला की जाळीचं शून्य सरकतं. रात्रभर एसीच्या खोलीत ठेवलेली सायकल मे महिन्यात बाहेर काढून लगेच मीटर शून्यावर आणला, तर पुढच्या अर्ध्या तासात धातू तापतो आणि आकडे घसरतात किंवा फुगतात. बऱ्याच मीटरमध्ये तापमानाची भरपाई असते, तरी सायकल दहा-पंधरा मिनिटं अंगणात उभी करून, पायडलवरून पाय काढून शून्य घेणं हाच खात्रीचा उपाय.

एवढा खर्च कशासाठी, वेग दिसतोच की, असं कुणीही विचारेल. त्याचं उत्तर सावनेर रोडवर मिळतं. रस्ता सपाट आहे, चढ म्हणावा असा काही नाही. उन्हाळ्यात वारा बहुतेक पश्चिम-वायव्येकडून येतो आणि सावनेर कोराडीच्या वायव्येलाच आहे. स्वार आणि सायकल मिळून ८० किलो, बसण्याची पद्धत साधारण सरळ, असं धरून भौतिकशास्त्राची गणितं मांडली तर वारा नसताना ताशी ३० किलोमीटरला सुमारे १५० वॅट लागतात. आता समोरून ताशी १० किलोमीटरचा वारा आहे असं समजा. झाडाची पानं हलतील एवढाच हा वारा. त्याच १५० वॅटवर वेग २४ वर येतो. परतताना तोच वारा पाठीशी घेऊन त्याच १५० वॅटवर वेग ३६ च्या पुढे जातो. पायांनी केलेलं काम जाता-येता अगदी सारखं, आणि वेगात मात्र १२ किलोमीटरचा फरक. उलट कुणी हट्टाने जाताना ३० चाच वेग धरून बसला, तर त्याला २४० वॅट द्यावे लागतात. बहुतेक हौशी मंडळी नेमकं हेच करतात: जाताना वाऱ्याशी भांडून संपतात आणि येताना कुणाच्या तरी मागे लपून घरी पोहोचतात.

हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यासाठी लागणारी शक्ती घनाने. वर दिलेल्या स्वाराला ताशी ३० साठी १५० वॅट पुरतात, ४० साठी ३२० लागतात. वेग एक तृतीयांशाने वाढवायला शक्ती दुपटीहून जास्त. यातून एक निष्कर्ष निघतो जो दुकानदार सांगणार नाही. सपाट प्रदेशात सायकल अर्ध्या किलोने हलकी करण्यापेक्षा कोपर वाकवून खाली बसायला शिकणं कितीतरी जास्त फायद्याचं, आणि ते फुकट आहे. शरीराच्या दर किलोमागे किती वॅट हा बहुचर्चित आकडा घाटातल्या लोकांचा आहे. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट पहिल्यांदा चढून ‘घाटाचा राजा’ व्हायचं असेल, किंवा चिखलदऱ्याला जायचं असेल, तर तो पाहावा. सहा टक्के चढावर २०० वॅटने ताशी १३ किलोमीटर मिळतात आणि तिथे प्रत्येक किलो पायांना जाणवतो. कोराडीहून चढाचा सराव करायचा तर रामटेकचा गड जवळचा, आणि तोही चढायला लागलं की संपतो.

सरावाचं शास्त्र सगळीकडे छापून आलेलं आहे, म्हणून थोडक्यात. एफटीपी म्हणजे साधारण तासभर टिकवता येईल एवढी जास्तीत जास्त शक्ती. ती काढायला बहुतेक जण २० मिनिटं जीव तोडून चालवतात आणि त्या सरासरीचे ९५ टक्के धरतात. त्या आकड्याच्या टक्केवारीवर क्षेत्रं ठरतात: ५५ टक्क्यांच्या खाली विश्रांती, ७५ पर्यंत दमसास, ९० पर्यंत टेम्पो, त्यावर उंबरठा, १०५ च्या पुढे थोड्या मिनिटांचे कठीण तुकडे. स्टीफन सायलर या संशोधकाने अव्वल खेळाडूंच्या सरावाच्या नोंदी पाहून दाखवलं की त्यांची सुमारे ८० टक्के सत्रं सोपी असतात. हौशी माणसाचं याच्या उलट होतं. त्याच्याकडे आठवड्याला सहा-आठ तास असतात. ते वाया जाऊ नयेत म्हणून तो रोजच मध्यम त्रासात चालवतो. सोप्या दिवशी पुरेसा हळू जात नाही आणि कठीण दिवशी पाय उरत नाहीत. मीटरचा सगळ्यात मोठा उपयोग मला हा वाटतो, की तो सोप्या दिवशी माणसाला आवरतो. मागून आलेला कुणी पुढे निघून गेला तरी पडद्यावर १३० दिसले पाहिजेत म्हणजे १३०.

सत्राचा एकूण ताण मोजणारा टीएसएस नावाचा गुण मात्र जपूनच घ्यावा. तासभर एफटीपीवर चालवलं की त्याचे १०० गुण होतात. दोन तास ७० टक्के तीव्रतेने चालवलं तर ९८. गणिताला ही दोन सत्रं सारखी, शरीराला नाहीत. पहिल्यानंतर जिना चढवत नाही, दुसऱ्यानंतर माणूस तर्री-पोहे खाऊन कामावर जातो. पोह्यांवरून आठवलं, मीटरचा एक आकडा विलक्षण प्रामाणिक असतो, तो किलोज्यूलचा. २०० वॅटने तासभर म्हणजे ७२० किलोज्यूल काम. एका किलोकॅलरीत सुमारे ४.२ किलोज्यूल असतात आणि शरीराची कार्यक्षमता सुमारे २४ टक्के, त्यामुळे दोन्ही एकमेकांना कापतात आणि ७२० किलोज्यूल कामाला साधारण ७२० किलोकॅलरीच जळतात. मनगटावरचं घड्याळ याहून बरंच जास्त सांगून दोन प्लेटची परवानगी देतं.

आता त्या दुसऱ्या आकड्याकडे. २०० वॅट पायडलला देणारं शरीर एकूण सव्वाआठशे वॅटच्या आसपास जाळतं. म्हणजे सव्वासहाशेहून जास्त वॅट उष्णता आत तयार होते आणि ती बाहेर टाकावी लागते. केंद्राची अडचणही हीच, आणि दोघांची वाटही एकच: पाणी वाफ करून उडवणं. नागपूर शहराचं सांडपाणी भांडेवाडीला शुद्ध होऊन कोराडीच्या केंद्राकडे येतं आणि त्यातलं बरंचसं शीतकरण मनोऱ्यांतून हवेत जातं. शरीराचा मनोरा म्हणजे कातडी. एक लिटर घाम पूर्ण उडाला तर सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो, आणि वरच्या हिशेबाने तासाला जवळपास तेवढीच तयार होते. थोडक्यात, २०० वॅटसाठी तासाला सुमारे एक लिटर घाम उडाला पाहिजे. नुसता येऊन चालत नाही, उडाला पाहिजे.

नागपूरचे दोन ऋतू इथे दोन वेगळ्या तऱ्हेने छळतात. मेअखेर नवतपा लागतो, पारा ४५ च्या आसपास जातो. कातडीचं तापमान ३५ च्या आसपास असतं, म्हणजे हवा शरीराला थंड करण्याऐवजी तापवते. पण हवा कोरडी असल्याने घाम चटकन उडतो. इतका चटकन, की किती गेला ते कळतच नाही. जर्सीवर पांढरे मिठाचे पट्टे दिसतात तेव्हा उशीर झालेला असतो. जुलै-ऑगस्टमध्ये पारा ३०-३२ वर असतो आणि सगळे म्हणतात, आता बरं झालं. पण हवेत ओल एवढी असते की घाम कोपरावरून ठिबकत राहतो, आणि ठिबकलेला घाम शरीराला थंड करत नाही. पावसाळ्यातली सकाळ वॅटच्या दृष्टीने अनेकदा मेमधल्या पहाटेहून वाईट जाते ती यामुळे.

हे मीटरवर दिसत नाही, हृदयाच्या ठोक्यांवर दिसतं. एखादा स्वार ऑगस्टमध्ये १५० वॅटवर दोन तास चालवतो आहे असं धरू. पहिल्या अर्ध्या तासात ठोके १३५. वॅट तेच, रस्ता तोच, पण दीड तासाने ठोके १५० ला टेकलेले. रक्ताला आता दोन कामं आहेत, पायांना प्राणवायू पोचवायचा आणि कातडीकडे उष्णता न्यायची. घामाने रक्तातलं पाणी कमी झालेलं, म्हणून एका ठोक्यात कमी रक्त ढकललं जातं आणि हृदय ठोके वाढवून भरपाई करतं. वॅट आणि ठोके यांची ही फारकत दोन तासांत पाच टक्क्यांच्या आत राहिली तर दमसास आणि पाणी दोन्ही ठीक. बरीच पुढे गेली तर त्या दिवशी वॅट धरून ठेवण्यात अर्थ नाही. डिसेंबरात काढलेला एफटीपी मे महिन्यात लागू करू नये, हे त्यातूनच येतं. थंडीचा आणि उन्हाळ्याचा असे दोन आकडे ठेवावेत. दहा ते चौदा दिवस थोडा थोडा उष्णतेत सराव केला की शरीर जुळवून घेतं: रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो आणि त्यात मीठ कमी जातं. हे जुळवून घेणं पहाटे साडेपाचला करावं, दुपारी नव्हे. दुपट्टा बांधून दुपारी दोनला निघणाऱ्याचं कौतुक करायचं काही कारण नाही, उष्माघात वॅट विचारत नाही.

घरात ट्रेनरवर चालवणाऱ्यांचीही यातून सुटका नाही. तिथे समोरून येणारा वारा नसतो, म्हणून रस्त्यावरचे २०० वॅट खोलीत १८५ होतात आणि माणूस मीटरला दोष देतो. बंद खोलीत कुलर लावला तर तो अर्ध्या तासात हवा दमट करून ठेवतो. समोरची खिडकी उघडी असेल तरच त्याचा उपयोग. मात्र २० मिनिटांची चाचणी ट्रेनरवरच करावी असं माझं ठाम मत आहे. राखेचे टँकर आणि कोळशाचे ट्रक धावणाऱ्या रस्त्यावर मान खाली घालून पडद्याकडे बघत जाणं हा सराव नव्हे.

स्पर्धेत मीटरचा उपयोग निराळा. फ्रान्समधल्या मोनो आणि शेरर यांनी १९६५ मध्ये दाखवलं की स्नायूला एक टिकाऊ पातळी असते आणि तिच्यावर खर्च करायला एक मर्यादित साठा असतो. टिकाऊ पातळी २२० वॅट आणि साठा १८ किलोज्यूल असलेला स्वार ३२० वॅटने निघाला, तर दर सेकंदाला १०० ज्यूल साठ्यातून जातात आणि बरोबर तीन मिनिटांत तो रिकामा. पातळीच्या खाली उतरलं की तो हळूहळू भरतो. घोळक्यात मागे राहून चौथा ते तिसरा हिस्सा शक्ती वाचवणारा माणूस शेवटच्या किलोमीटरला साठा भरलेला घेऊन येतो, आणि दर वळणावर पुढे धावणारा रिकाम्या हाताने. एकट्याने घड्याळाविरुद्ध चालवताना नियम असा की वारा समोर असेल तिथे थोडे वॅट जास्त द्यावेत आणि पाठीशी असेल तिथे थोडे कमी. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला साडेतेरा तास मिळतात. ती शर्यत नाहीच. पहिले १०० किलोमीटर एफटीपीच्या ६५ टक्क्यांच्या वर न जाणारा माणूस दुपारीही माणसात असतो.

लांब पल्ल्याचं याहून मोठं उदाहरण नागपुरातच आहे. डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ एकट्याने पूर्ण केली: सुमारे ४,८०० किलोमीटर, ११ दिवस २१ तास ११ मिनिटं. त्याच वर्षी लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ त्यांच्या काही तास आधी पोहोचले होते, आणि त्याआधी २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी जोडीने ती पूर्ण केली होती. झोप आणि थांबे धरून समर्थांचा सरासरी वेग ताशी १७ किलोमीटरच्या आसपास येतो. हा वेग कोराडीच्या मंदिरापर्यंत जाणाऱ्या कुणालाही हळू वाटेल. पण जून महिन्यात सुरुवातीलाच कॅलिफोर्निया आणि ॲरिझोनाचं वाळवंट लागतं, आणि तिथे प्रश्न किती वॅट काढता येतात हा नसतो, पोट अन्न घेईल आणि अंग थंड राहील अशा बेताने किती काढावेत हा असतो. पुढच्याच वर्षी समर्थांनी मॉस्को ते व्लादिवोस्तोक ही ९,१०० किलोमीटरची ट्रान्स-सायबेरियन शर्यतही पुरी केली.

मीटर घ्यावा का? आठवड्याला तीनदा चालवून तब्येत राखायची असेल तर नको. त्या पैशात चांगले टायर, मागचा लखलखीत दिवा आणि छातीवर बांधायचा ठोक्यांचा पट्टा येईल आणि पैसे उरतील. स्पर्धेत उतरायचं असेल, किंवा सराव करूनही दोन वर्षं प्रगती थांबली असेल, तर घ्यावा. पण पट्टा आधी. आणि घेतल्यावर पहिले सहा आठवडे कोणताही आकडा गाठायला जाऊ नये. प्रत्येक फेरीनंतर चार गोष्टी वहीत लिहाव्यात: सरासरी वॅट, सरासरी ठोके, निघताना आणि आल्यावरचं वजन, आणि त्या वेळचं तापमान व आर्द्रता. तापमान हँडलवरच्या यंत्राचं घेऊ नका, ते उन्हात स्वतः तापून पाच-सात अंश जास्त दाखवतं. हवामान खात्याचं घ्या.